मुंबईत पाळलेले आयसोपॉड पावसाळ्यात का मरतात?

तुम्ही लिहिलंय की मार्चमध्ये १५ आयसोपॉड (ओलसर पानांखाली राहणारे, किड्यांसारखे दिसणारे छोटे प्राणी) आणले, रोज दोन वेळा डब्यात पाण्याचा फवारा मारला, आणि जुलै संपेपर्यंत चार-पाचच उरले. झाकण उघडलं की आंबूस वास येतो, हेही लिहिलंय. गोम त्या वासातच आहे. तुमचे प्राणी तहानेने मेलेले नाहीत, गुदमरून मेलेत.

विक्रोळीत माझा पहिला डबा असाच जुलैत आटोपला. मी जे काही वाचून शिकलो ते सगळं थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं होतं. तिकडे घरात हीटर चालतो, हवा कोरडी पडते, तेव्हा ‘झाकण घट्ट लावा, माती ओली ठेवा’ हे त्यांच्यापुरतं बरोबर आहे. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चामडी पट्ट्याला बुरशी चढते. अशा हवेत घट्ट झाकणाच्या डब्यात वर आणखी फवारे मारायचे म्हणजे आतली पानं कुजणार, सडणार आणि हवा कोंडणार.

मुळात हे किडे नव्हेत. कोळंबी-चिंबोरीचे भाऊबंद आहेत, जमिनीवर राहायला आलेले. पायांच्या सात जोड्या मोजून बघा. वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर आपली चाहूल लागताच फटींत पळणारी ती झुरळासारखी मंडळी असतात ना, तीही आयसोपॉडच. जमिनीवरच्यांचे श्वासाचे अवयव पोटाच्या मागच्या भागाखाली असतात, पातळ पापुद्र्यांसारखे. ते ओलसर राहायला हवेत, म्हणून ओल लागते. पण पाण्यातच राहावं लागलं तर बुडून मरतात. शिवाय झुरळाच्या अंगावर असतो तसा ओल धरून ठेवणारा मेणाचा चांगला थर यांना नाही. त्यामुळे त्यांना दोन्ही लागतं: ओली जागा आणि कोरडी जागा. कुठे बसायचं ते त्यांचं त्यांना कळतं.

म्हणून आता डब्याचा फक्त एक कोपरा ओला ठेवा. फवारा बंद. नर्सरीत मिळणारं शेवाळ त्या कोपऱ्यात दाबून बसवा आणि पाणी तिथेच ओता, तेही शेवाळ सुकायला लागल्यावर. पावसाळ्यात मी आठवड्यातून एकदा ओततो, कधी तेही नाही. डब्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना मोठी भोकं पाडून बारीक जाळी चिकटवा, म्हणजे वारा आरपार जाईल. झाकणाला वरून चार भोकं पाडून भागत नाही. खोलीत एसी चालू असला की हवा कोरडी होते, तेव्हा अर्ध्या जाळीवर चिकटपट्टी लावा. तळाला सात-आठ सेंटिमीटर कोकोपीट आणि बागेतली माती, वर पानांचा भरपूर थर.

पानं म्हणजे नुसती सजावट नव्हे, तेच जेवण. यात मुंबईकर नशीबवान. देशी बदामाची झाडं गल्लोगल्ली आहेत, त्यांची लाल होऊन गळलेली पानं उचला, धुवा, उकळत्या पाण्यातून काढा, वाळवा. रस्त्याच्या कडेची नकोत. कडुनिंब आणि निलगिरी तर नकोच. कवचासाठी चुना लागतो: अंड्याचं टरफल कुटून टाका किंवा माकुळाचं हाड ठेवा. आठवड्यातून एकदा चिमूटभर सुका जवळा, बिनमिठाचा. (हो, भाऊबंदांनाच खातात. माझ्या आईने हे ऐकल्यावर हात जोडले.) उरलेला जवळा दुसऱ्या दिवशी काढा, नाहीतर बारीक माश्या होतात.

तुम्ही विचारलंय की एकाचं मागचं अर्धं अंग पांढुरकं झालंय, हा रोग आहे का. नाही, तो कात टाकतोय. हे प्राणी कात दोन टप्प्यांत टाकतात, आधी मागचा अर्धा भाग, मग काही दिवसांनी पुढचा. टाकलेली कात खाऊन टाकतात, हात लावू नका. करडा प्राणी अचानक जांभळा-निळा चमकायला लागला, तर मात्र तो विषाणू असतो. त्याला लगेच वेगळा काढा. ‘पावडर ब्लू’ जातीचा निळसरपणा जन्मजात असतो, त्याला घाबरू नका.

पुन्हा आणायचे असतील तर याच ‘पावडर’ जातीचे आणा. उकाडा सोसतात, भराभर वाढतात. थायलंडच्या चुनखडी भागातले ‘रबर डकी’ दिसायला गोड, पण महाग आणि पिलं हळू देतात. सवय होईपर्यंत त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून काही उचलून आणू नका, तो गुन्हा आहे. पावसात सह्याद्रीत गोटीएवढा गोळा होणारा जो जीव सापडतो तो तर आयसोपॉडही नाही, गोम-वाणीच्या गोतावळ्यातला आहे.

मुंग्या लागल्या तर आजी दुधाचं पातेलं ठेवायची तसा डबा पाण्याच्या परातीत ठेवा. सोसायटीत डासांचा धूर किंवा झुरळांचं औषध मारणार असतील, तर त्या दिवशी डबा दुसऱ्या घरी हलवा. माझा दुसरा डबा मी घरी नसताना अशा धुराने गेला, एकही उरला नाही.

उरलेल्या चार-पाचांना आजच नव्या डब्यात हलवा, पण जुनी माती कुंडीत ओतू नका. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते, आणि बाहेर पडलेली पिलं पांढरी, रव्याच्या कणाएवढी असतात, मातीत दिसत नाहीत. माती परातीत पसरून वास जाऊ द्या, एका बाजूला थोडी ओली करा आणि रात्री बटाट्याची चकती ठेवा. सकाळी ती उलटून बघा. तीन-चार आठवडे असं करत राहा. खाली चिकटलेली पिलं मऊ ब्रशने उचलून नव्या डब्यात सोडा.