आधी टोच्या, रंग शेवटी

जुन्या शिडाच्या होड्यांबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘रंग कोणता लावू?’ अशी विचारणा आहे. तिचे उत्तर मुद्दामच दिलेले नाही. ज्यांना रंगाची घाई आहे त्यांनी पहिला प्रश्न आधी वाचावा.

प्रश्न : प्लायवूडची एक जुनी मिरर (या वर्गाची छोटी शिडाची होडी) स्वस्तात मिळते आहे. नुकताच रंग दिलेला असल्याने चांगली दिसते. घ्यावी का?

ताज्या रंगाच्या होडीकडे जरा संशयानेच पाहा. नवा रंग कुजलेले प्लायवूड छान झाकतो.

मिररची रचना 1962 सालची, जॅक हॉल्ट आणि बॅरी बकनेल यांची. प्लायवूडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने टाके घालून जोडायचे आणि सांध्यांवर काचतंतूची (फायबरग्लासची) पट्टी रेझिनने, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट द्रवाने, चिकटवायची, अशी ती पद्धत. घरच्या हत्यारांनी बांधता यावी म्हणूनच ती आखली होती, त्यामुळे दुरुस्तीही घरच्या हत्यारांनी होते.

तपासायला टोच्या, पेचकस आणि विजेरी पुरे. पेचकसाच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा. चांगले लाकूड टणक आवाज देते, कुजलेले किंवा थर सुटलेले बद्द आवाज देते. तसा आवाज आला की विक्रेत्याला विचारून तिथे टोच्या दाबा. दोन-तीन मिलिमीटर सहज आत गेला आणि बाहेर काढताना तंतू न तुटता भुगा आला, तर ते लाकूड गेले. मागच्या उभ्या फळीची खालची कड, डॅगरबोर्डच्या (तळातून पाण्यात उतरवायच्या उभ्या फळीच्या) पेटीचा तळ, डोलकाठीच्या बुडाची जागा आणि होडी तरंगती ठेवणाऱ्या बंद हवापेट्यांचे कोपरे, एवढे तरी सोडू नका. हवापेट्यांची बुचे काढून आत वास घ्या. ओल्या तळघरासारखा वास आला तर आत पाणी साचून राहिले आहे.

इथे एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते. होडी कुजवते ते समुद्राचे नव्हे, पावसाचे पाणी. खाऱ्या पाण्यात बुरशीला वाढायला जड जाते, गोड्या पाण्यात फावते. म्हणून वर्षानुवर्षे समुद्रात वापरलेली होडी बरी निघते आणि आच्छादनाशिवाय अंगणात पडलेली होडी तळातून गेलेली असते.

जमल्यास होडी तोला. डोलकाठी, शीड, सुकाणू सोडून मिररचा नुसता सांगाडा साधारण साडेपंचेचाळीस किलोचा असतो. काटा त्याच्या बराच वर गेला, तर लाकडाने पाणी प्यायले आहे किंवा आधीच्या मालकांनी भोके रेझिनने बुजवत नेली आहेत.

थाळीएवढे एखादे कुजके ठिगळ असेल तर घाबरू नका. चांगले लाकूड लागेपर्यंत कापा आणि भोकाच्या कडेला तिरपा उतार द्या. उताराची लांबी प्लायवूडच्या जाडीच्या आठपट हवी, म्हणजे पाच मिलिमीटरच्या फळीला चाळीस मिलिमीटर. नव्या तुकड्यालाही तेवढाच उतार देऊन इपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या रेझिनने) बसवा. मूळ सांधे पॉलिएस्टर रेझिनचे असले तरी दुरुस्ती इपॉक्सीनेच करा. पॉलिएस्टरवर इपॉक्सी धरते, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. इपॉक्सी वाळल्यावर वर कधी कधी तेलकट साय येते. ती आधी साध्या पाण्याने घासून धुवा, मगच सँडपेपर लावा. उलट क्रमाने केलेत तर साय घासली जाऊन लाकडात बसते आणि वरचा रंग पापुद्र्याने सुटतो.

प्रश्न : एकावर एक फळ्या चढवून बांधलेली होडी दोन वर्षे छपराखाली कोरडी होती. पाण्यात उतरवली तर फटींतून पाणी येते. फटींत फिलर भरू का?

अजिबात नको. या चुकीने चांगल्या होड्या मोडतात.

लाकूड वाळले की आडवे आकसते, भिजले की पुन्हा फुगते. आकसलेल्या फटीत घट्ट होणारे काही भरलेत तर फुगणाऱ्या फळ्यांना जागाच उरत नाही. मग त्या खिळे उपटतात नाहीतर बरगड्या, म्हणजे आतून फळ्यांना धरणाऱ्या वाकवलेल्या पट्ट्या, तोडतात. फळ्या कडेला कड लावून बांधलेल्या होडीत सांध्यांत कापसाचा पीळ ठोकतात, पण तोही बेताने. तुमच्या होडीत तर कापूसही नको, कारण इथे फळीवर फळी दाबली जाऊनच सांधा बंद होतो.

आतून ओली गोणपाटे अंथरा, दिवसातून दोन-तीनदा पाणी मारा. चार-पाच दिवसांनी उथळ पाण्यात बांधून ठेवा आणि आत पाणी येऊ द्या. आठवड्याभरात बहुतेक फटी मिटतात. त्यानंतरही जिथून पाणी येते तिथेच खरे काम आहे. बहुधा तांब्याचे खिळे सैल झालेले असतात. बाहेरून खिळ्याच्या डोक्यावर जड लोखंड टेकवून धरायचे आणि आतल्या वायसरवर चेचलेले टोक हलक्या हातोडीने पुन्हा बसवायचे. याला दोन माणसे लागतात. जोरात ठोकले तर खिळा लाकडाच्या आत वाकतो, वरून घट्ट दिसतो आणि गळत राहतो.

बरगड्या तळाच्या वळणावर, जिथे वाक सर्वांत जास्त, तिथे तडकतात. नवी बरगडी वाफेवर मऊ करा: दर पंचवीस मिलिमीटर जाडीला एक तास. वाळवून ठेवलेले जुने लाकूड यासाठी घेऊ नका, ते वाकायच्या आधी तुटते. पेटीतून काढल्यावर हातात काही सेकंदच असतात, म्हणून क्लॅम्प आधीच उघडून जागेवर ठेवा. तडकलेली बरगडी तिथेच राहू द्यावी आणि नवी तिच्या शेजारी बसवावी, असे आमचे मत.

आणि बाहेरून काचतंतूचे आवरण चढवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. फळ्या हलत राहतात, आवरण हलत नाही, मधे पाणी अडकते.

प्रश्न : फायबरग्लासची होडी असताना लोक या जुन्या लाकडी होड्यांच्या मागे का लागतात?

सौंदर्य हे एक कारण, पण आमच्या मते दुय्यम. मुख्य कारण हे की यातला प्रत्येक भाग सुटा होतो. फळी, बरगडी, खिळा, सगळे एकेक करून बदलता येते. ठरीव मापांच्या होड्यांचे वर्ग पाहा: स्टार 1911 ची, ड्रॅगन 1929 ची, फोकबोट 1942 ची, आणि या वर्गांच्या शर्यती आजही होतात. वर्गाचे नियम मापे बांधून ठेवतात, त्यामुळे नवे शीड जुन्या होडीला बसते. मिररची दुतुकडी डोलकाठी होडीच्या लांबीतच मावते, हे तर गाडीवर होडी न्यायची वेळ आली की कळते.

फायबरग्लासला देखभाल लागत नाही हा मात्र भ्रम आहे. तिच्या आत अनेकदा लाकडाचाच गाभा असतो, आणि तोही कुजतो. पण याच मोसमात पाण्यावर जायचे असेल तर दुरुस्तीची होडी घेऊ नका, चालती घ्या.

प्रश्न : व्हार्निश वर्षभरात सोलून निघते.

थर कमी पडले असावेत. कोऱ्या लाकडावर पहिला हात निम्मे व्हार्निश, निम्मे थिनर असा द्या, म्हणजे ते आत मुरते. दुसऱ्याला पाव भाग थिनर, पुढचे हात जवळजवळ घट्ट. एकूण सहा ते आठ हात, मधे 320 नंबरचा सँडपेपर. डबा हलवू नका, बुडबुडे येतात. संध्याकाळी लावू नका, दव पडले की चमक जाते. सोलणे जवळजवळ नेहमी फळीच्या टोकापासून किंवा स्क्रूच्या भोकापासून सुरू होते, तेव्हा तिथे दोन हात जास्त द्या.

प्रश्न : पाण्याखालचे पितळी स्क्रू गुलाबी दिसतात. बदलावे लागतील का?

हो, सगळे. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते, मागे सच्छिद्र तांबे उरते. तो स्क्रू बोटांनी मोडतो. जागी सिलिकॉन ब्रॉन्झचे (तांब्याच्या एका मिश्रधातूचे) घाला. स्टेनलेसही पाण्याखाली ओल्या लाकडात टिकत नाही. तिथे प्राणवायू पोचत नाही म्हणून त्याचा संरक्षक थर मोडतो आणि आत खड्डे पडतात.

अडलेला स्क्रू काढताना सोल्डरिंगचे गरम टोक डोक्यावर मिनिटभर टेकवा, मग किंचित आवळून उलटा फिरवा. नव्याला मेण लावा, साबण नको, तो ओल धरतो. आणि हे काम चाललेच आहे तर डोलकाठीच्या तारांवरूनही कापडाची चिंधी फिरवून पाहा. कुठे धागा अडकला तर तारेतला एक पदर तुटला आहे, आणि ती तार पूर्ण बदलायची.