वर्गमूळ निघत नाही, तरी 'मूळ' संख्या?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका ताईंची शंका : "मुलीच्या पुस्तकात 'मूळ संख्या' आहे, माझा भाऊ 'अविभाज्य संख्या' म्हणतो. बरोबर काय? आणि जिचं वर्गमूळ धड निघत नाही, ती मूळ कशी?"

चूक दोन्ही नाहीत, पण मराठी शाळेत रुळलेला शब्द 'मूळ संख्या'च, आणि मलाही तोच पटतो. 'अविभाज्य' म्हटलं की घोटाळा होतो. सात पोळ्या दोघांत साडेतीन-साडेतीन वाटता येतात की! मूळ संख्येची खरी अट अशी, की ती १ हून मोठी असावी आणि तिला १ आणि ती संख्या स्वतः सोडून कुठल्याही पूर्ण संख्येने निःशेष भाग जाऊ नये. शिवाय 'अविभाज्य' नुसतं काय होत नाही तेवढंच सांगतो.

'मूळ' कशाचं, ते तुमच्या पिनकोडवर बघा. ४००६०२ चे अवयव पाडले तर २ × ३ × १७९ × ३७३. यापुढे फोड नाही. क्रम हवा तसा बदला, निराळे मूळ अवयव मिळायचे नाहीत. गुणाकाराच्या मुळाशी याच चार.

आता शेजारचा ४००६०१, ठाणे पश्चिम. एका रविवारी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. ६३३ चा वर्ग ४,००,६८९, म्हणजे पुढे जातो. अवयव असलेच तर दोनांतला लहान ६३३ च्या आतच सापडणार, तेव्हा ६३१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं. त्या ११५ निघतात (चहा दोनदा झाला). ३७३ ला वाटलं सापडलं, पण एकाने हुकलं. तो तुमच्या नौपाड्याच्या वाट्याला गेलेला. शेवटपर्यंत बाकी उरतच राहिली. ४००६०१ मूळ संख्या आहे.

तिला ४ ने भागलं की बाकी १ उरते. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. हे फर्मा या गणितज्ञाने सांगितलं, पुढे ऑयलर या गणितज्ञाने सिद्ध केलं. इथे ते वर्ग ३५५ आणि ५२४ यांचे : १,२६,०२५ + २,७४,५७६. करून बघा.

कोपरीचा ४००६०३ मात्र ७ × ५७२२९, त्यामुळे ४००६०१ ला त्याच्याशी 'जोडमूळ' (दोनच्या फरकाने येणाऱ्या दोन मूळ संख्या) म्हणता येत नाही. उलट ४००६०२ आणि ४००६०३ या दोन्ही मूळ नसून 'सहमूळ' आहेत, कारण १ सोडून सामाईक अवयव नाही. लागोपाठच्या कुठल्याही दोन संख्यांचं असंच.

वर्गमूळातलं 'मूळ' म्हणजे तो वर्ग जिच्यापासून झाला ती संख्या. शब्द तोच, मूळ कशाचं एवढंच वेगळं.

आणि 'मूल संख्या' लिहू नका. मूलद्रव्य, मूलभूत हे संस्कृत वळणाचे जोडशब्द, तिथे 'ल' शोभतो. सुटा शब्द मराठीत 'मूळ'. मूल म्हणजे ते, जे वही उघडून तुमच्यासमोर बसलंय.