कपाशीवर फवारायचं औषध आणि रासायनिक शस्त्र एकाच कुळातली, मग सरकार सरळ बंदी का घालत नाही?

काही फवारणीच्या औषधांचं कूळ तेच, हे खरं. टाबुन हे मज्जासंस्थेवर घाव घालणारं विष 1936 मध्ये जर्मनीत कीटकनाशक शोधतानाच सापडलं. पण कच्चा माल सरसकट बंद केला तर औषधं, रंग, शाई, सगळंच अडेल. म्हणून सरकारांनी हिशेबाची वाट धरली: कोणी किती बनवलं, कोणाला विकलं ते सांगायचं आणि तपासनीस आले की दार उघडायचं. 1997 मध्ये लागू झालेला रासायनिक शस्त्रबंदी करार असाच चालतो. भारताने आपला साठा जाहीर करून 2009 मध्ये नष्ट केला. सामूहिक संहाराच्या शस्त्रांबाबतच्या 2005 च्या कायद्याने अशी शस्त्रं बनवता येतील त्या मालाच्या निर्यातीला लगाम घातला. त्याच कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने अशा शस्त्रांसाठी पैसा पुरवण्यावरही बंदी आली. मला हीच सगळ्यात कामाची वाटते.

शेतातल्या वापराला मात्र हा करार हात लावत नाही. त्यासाठी 1968 चा कीटकनाशक कायदा आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. लाल त्रिकोणाची, म्हणजे अति विषारी औषधाची बाटली, पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा. धुऱ्यावर अजूनही तेवढंच दिसतं, आणि त्याचा मला राग येतो.