तुमचे प्रश्न : रोइंग मशीन, छातीचा पट्टा आणि मोबाइल

प्रश्न : घरी कन्सेप्ट-२ चं रोइंग मशीन आहे, पीएम-५ मॉनिटरचं. छातीचा पट्टा मोबाइलच्या ब्लूटूथमध्ये ‘कनेक्टेड’ दिसतो, पण मशीनवर आणि एर्गडेटा अ‍ॅपमध्ये ठोके येतच नाहीत. पट्टा अगदी नवा आहे.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पट्टा परत पाठवू नका, तो बहुधा ठणठणीत आहे. इअरफोन जोडतात तसा तो फोनच्या सेटिंगमधून जोडला, तिथे घोळ झाला. बऱ्याच पट्ट्यांना ब्लूटूथवर एका वेळी एकच जोडणी झेपते. ती फोनने किंवा आधी वापरलेल्या एखाद्या अ‍ॅपने धरून ठेवली, की मशीनच्या यादीत पट्ट्याचं नावच येत नाही.

आधी फोनच्या ब्लूटूथ यादीतून पट्टा काढून टाका आणि मागे चालू राहिलेली व्यायामाची अ‍ॅप्स पूर्ण बंद करा. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे रबरी भाग साध्या पाण्याने ओले करून तो छातीवर बांधा. टेबलावर कोरडा ठेवून शोधाल तर सापडणार नाही. बहुतेक पट्टे त्वचेला टेकल्यावरच जागे होतात. मग पीएम-५ च्या मेनूत ‘कनेक्ट’मध्ये जाऊन हार्ट रेटचा पर्याय घ्या आणि यादीतला क्रमांक पट्ट्याच्या डबीवर (पट्ट्याला अडकवायच्या सेन्सरवर) छापलेल्या क्रमांकाशी ताडून पाहा. जिममध्ये हे न पाहिल्यास शेजारच्याचे ठोके तुमच्या खात्यात जमा होतात. मशीनवर ठोके दिसू लागले की मगच एर्गडेटा उघडून मशीन जोडा. ठोके मशीनमार्फतच अ‍ॅपमध्ये जातात, पट्टा अ‍ॅपला वेगळा जोडावा लागत नाही. जोडण्या जितक्या कमी तितक्या त्या कमी तुटतात, म्हणून आमचा आग्रह याच क्रमासाठी आहे.

फोनवर अ‍ॅपला मशीनच सापडत नसेल तर परवानग्या बघा. अँड्रॉइड १२ पासून ‘निअरबाय डिव्हायसेस’ची परवानगी लागते, ११ आणि त्याआधीच्या फोनवर लोकेशनची परवानगी हवी आणि लोकेशन चालूही हवं. मध्येच आलेख तुटत असेल तर त्या अ‍ॅपपुरती बॅटरी बचत बंद करा.

ठोके मशीन आणि फोन दोन्हीकडे स्वतंत्र हवेच असतील, तर पट्टा घेतानाच पाहावं लागतं. पोलर कंपनीचा एच-९ पट्टा ब्लूटूथवर एकच जोडणी देतो, एच-१० दोन देतो. दुसऱ्या जोडणीची सोय पोलरच्या अ‍ॅपमध्ये चालू आहे ना, एवढं बघा. दोघेही अँट-प्लस या ब्लूटूथसारख्याच दुसऱ्या बिनतारी पद्धतीनेही ठोके पाठवतात आणि ते एकाच वेळी कितीही यंत्रं ऐकू शकतात. पीएम-५ ला अँट-प्लस कळतं, त्यामुळे मशीन तिकडून आणि फोन ब्लूटूथवरून, अशी वाटणी उत्तम चालते.

प्रश्न : चुंबकीय रोधाचं स्वस्त रोइंग मशीन घेतलं. खोक्यावर ब्लूटूथ लिहिलंय, पण कंपनीचं अ‍ॅप सोडून कुठलंच अ‍ॅप त्याला ओळखत नाही.
– एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : नुसतं ब्लूटूथ असून भागत नाही, मशीनला ‘फिटनेस मशीन सर्व्हिस’ ही सामाईक भाषा यावी लागते. एनआरएफ कनेक्ट हे मोफत अ‍ॅप फोनवर घ्या, दोन-चार वेळा हँडल ओढून मशीन जागं करा, यादीतून ते जोडा आणि सर्व्हिसच्या यादीत १८२६ हा आकडा शोधा. सापडला तर किनोमॅपसारख्या अ‍ॅपशी जमण्याची चांगली शक्यता आहे. नसेल तर कंपनीच्या अ‍ॅपवरच राहावं लागेल. (पट्ट्यासाठी हाच आकडा १८०डी.) मशीन विकत घ्यायच्या आधी दुकानात ही दोन मिनिटांची तपासणी करावी, असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो.

अशा मशीनवरचं मीटरमधलं अंतर जिममधल्या मशीनशी ताडू नका. पीएम-५ प्रत्येक ओढीनंतर चाक किती मंदावलं ते मोजून हिशेब करतो, स्वस्त मशीन बहुधा फक्त फेरे मोजतं.

प्रश्न : यवतेश्वरचा घाट पळताना घड्याळ ठोके बरोबर दाखवतं. रोइंगला मात्र धाप लागलेली असतानाही ९५.
– एक वाचक, पोवई नाका, सातारा

उत्तर : घड्याळ प्रकाशाने त्वचेखालचं रक्त पाहतं. हँडल घट्ट धरलं की मनगटाचे स्नायू ताणले जातात, मनगट वाकतं, घड्याळ किंचित उचललं जातं आणि वाचन हुकतं. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून घट्ट बांधा, थोडा फरक पडेल. दंडावर बांधायचा सेन्सर त्याहून बरा. जोरात-हळू असे टप्पे करत असाल तर छातीचा पट्टाच घ्या. तो हृदयाचे विद्युत संदेश थेट पकडतो, मागे पडत नाही.

प्रश्न : अर्ध्या तासाला मशीन ४०८ कॅलरी दाखवतं, घड्याळ बरंच कमी. खरं काय? माझं वजन ६० किलो.
– एक वाचक, मिरज

उत्तर : पीएम-५ सगळ्यांना १७५ पौंडांचे, म्हणजे साधारण ७९ किलोंचे धरतो. तासाच्या हिशेबात वजनापोटी ३०० कॅलरी धरलेल्या असतात. ६० किलोंना त्या सुमारे २२७ हव्यात. म्हणजे तासाला ७३ वजा, अर्ध्या तासाला ३६-३७. तुमचा आकडा ३७१ च्या आसपास येतो. घड्याळ ठोक्यांवरून अंदाज बांधतं, आणि वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे ठोकेच चुकीचे असतील तर तो अंदाजही चुकणार. स्ट्राव्हा या व्यायामाच्या नोंदींच्या अ‍ॅपवर घड्याळ आणि कन्सेप्ट-२ चं लॉगबुक दोन्ही जोडली असतील तर एकच व्यायाम दोनदा चढतो. एक जोडणी काढा.

प्रश्न : पट्ट्याचा सेल फार लवकर संपतो.
– एक वाचक, कराड

उत्तर : डबी ओल्या पट्ट्यावर तशीच राहते का? ओलाव्यामुळे तिला पट्टा अंगावरच आहे असं वाटतं आणि ती चालू राहते. व्यायाम झाला की डबी काढून पुसा, पट्टा पाण्याखाली धुऊन वाळत घाला, पावसाळ्यात पंख्याखाली. एच-१० चा सेल साधारण ४०० तास चालायला हवा. त्यात सीआर-२०२५ बसतो. सीआर-२०३२ जाडीला जास्त असतो, तो दाबून बसवू नका, झाकणाची रबरी कडी नीट बसत नाही आणि घाम आत जातो.