कडक बोललं म्हणजे स्पष्ट बोललं का?

"स्टाफ ऐकतच नाही हो." मुंबईतल्या कॉलेजांत परीक्षा आणि नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचं, काम एकाच वेळी अंगावर आलं की समुपदेशक म्हणून हे वाक्य माझ्याकडे हमखास येतं. प्राचार्य, उपप्राचार्य, विद्यापीठातले विभागप्रमुख, सगळ्यांकडून. वर्गात शंभर मुलांना तासभर खिळवून ठेवणारी ही मंडळी सहा सहकाऱ्यांच्या मीटिंगमध्ये मात्र आवाज चढवतात.

अशाच एक मॅडम. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सेवाज्येष्ठतेने विभागप्रमुख झाल्या आणि कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खायच्या, तेच त्या आल्या की विषय बदलायला लागले.

"मी कडक आहे, पण माझं बोलणं क्लिअर असतं," हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

"जो ऐकत नाही त्याचं तुम्ही काय करू शकता?" मी विचारलं.

त्या हसल्या. पगार वेतन आयोगाने ठरवलेला, बढती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनी, मेमो प्राचार्यांच्या सहीने. विभागप्रमुखाच्या हाती टाइमटेबल आणि कपाटाच्या किल्ल्या. मग उरलं काय? बोलणं. कंपनीतला बॉस बोनसच्या जोरावर तुसडं बोलूनही निभावून नेतो. विभागप्रमुखाला ती चैन परवडत नाही.

मधल्या काही भेटी जुन्या रुसव्याफुगव्यांत गेल्या. कलाटणी मिळाली ती त्यांच्या फोनमुळे. मी म्हटलं, "विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा तुमचा शेवटचा मेसेज मोठ्याने वाचा. मी तासिका तत्त्वावरची तुमची लेक्चरर आहे असं समजा. दोन कॉलेजं करून रात्री बदलापूर लोकलमध्ये उभी आहे."

"सर्वांनी नॅकचा डेटा आजच्या आज पाठवावा. सबबी चालणार नाहीत."

"पाठवते, मॅडम. कुठला?"

"कुठला म्हणजे?" त्या चिडल्या. आणि थांबल्या. मेसेज परत वाचला, या वेळी मनात. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "यात काहीच नाहीये हो. कुठला निकष, कुठली वर्षं, कुठला फॉर्म... मी नुसतं दरडावलंय."

मी गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं की मुसळ केरात.

तेव्हापासून मी हे अनेकांना सांगत आले आहे: राग आला की आपलं म्हणणं आपल्याला फार स्पष्ट वाटतं, कारण ते आपल्या डोक्यात पूर्ण असतं. समोरच्यापर्यंत पोचतो फक्त राग. व्यवस्थापनाचे अभ्यासक जेरेमाया सलिव्हन यांनी १९८८ मध्ये केलेली मांडणी मला म्हणूनच पटते. प्रमुखाच्या बोलण्याने तीन कामं होऊ शकतात: नेमकं काय करायचं याचा गोंधळ मिटवणं, समोरच्याची माणूस म्हणून दखल घेणं, आणि हे काम कशासाठी ते सांगणं. बरेच प्रमुख पहिल्यावरच थांबतात. मॅडमचं तर तेही होत नव्हतं.

"मग रोज गोड गोड बोलू?"

"मुळीच नको, लोकांना ते लगेच कळतं." कौतुक करायचं तर नेमकं काय आवडलं ते सांगा, चूक दाखवायची तर ग्रुपवर नको, केबिनमध्ये. आणि प्रेरणादायी भाषणं तर टाळाच. पाचव्या लेक्चरनंतर ती कुणालाच सोसत नाहीत.

पुढचा मेसेज त्यांनी माझ्यासमोरच लिहिला: "निकष २, मागच्या पाच वर्षांचे निकाल. फॉर्म सोबत आहे. शुक्रवारी चारपर्यंत द्या. ज्यांचे पेपर तपासायचे राहिलेत त्यांना सोमवार चालेल, फक्त मला कळवा. आपल्या मुलांचा निकाल किती सुधारलाय ते या आकड्यांशिवाय कुणाला दिसणार नाही."

फॉर्म आले. दोघांनी सोमवार मागितला आणि पाळलाही. एका ज्येष्ठ सरांनी मात्र नेहमीप्रमाणे ढिम्म काही केलं नाही.

"त्यांच्याशी आता कसं बोलू?" मॅडमनी फोनवर विचारलं.

"बोलू नका. प्राचार्यांना लेखी कळवा आणि एक प्रत सरांना द्या."