‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’

प्रश्न : माझी मुलगी खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत दहावीत शिकते. तिने इंग्रजी निबंधात ‘आय ॲम सीइंग अ मॅच’ असे लिहिले होते, तेथे शिक्षकांनी ‘वॉचिंग’ केले; पुढे ‘लुक द बोर्ड’मध्ये ‘ॲट’ घातले. शब्दकोशात मात्र तिन्ही क्रियापदांपुढे ‘पाहणे’ हाच अर्थ आढळतो. तिला हा फरक कसा समजावून सांगावा?
– एक पालक, खानापूर

उत्तर : घोटाळ्याचे मूळ शब्दकोशातील त्या एका अर्थातच आहे. ‘सी’पुढे आधी ‘दिसणे’ लिहावे आणि मग ‘पाहणे’. दिसण्यासाठी आपण मुद्दाम काही करावे लागत नाही, म्हणूनच मराठीत ‘मी डोंगर दिसतो’ असे न म्हणता ‘मला डोंगर दिसतो’ असे म्हणतात. कन्नडमध्येही ‘काणिसु’ आणि ‘नोडु’ असा भेद आहे, तेव्हा आपल्या सीमाभागातील मुलांना तो दोन्ही भाषांतून आधीच अवगत असतो. इंग्रजी शिकवताना त्याचा उपयोग फारसा कोणी करत नाही, हे नवलच.

मात्र मराठीत ‘मला रस्ता दिसत आहे’ हे चालते, आणि त्याच वळणाने मुले ‘आय ॲम सीइंग द रोड’ लिहितात. इंग्रजीत तेथे ‘आय कॅन सी द रोड’ म्हणतात. ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमारो’ हे वाक्य बरोबर आहे, पण तेथे ‘सी’चा अर्थ भेटणे असा होतो.

‘लुक’मध्ये नजर मुद्दाम वळवलेली असते आणि ती ज्याच्याकडे वळते त्याच्याआधी ‘ॲट’ येते. हे ‘ॲट’ म्हणजे आपले ‘कडे’ : फळ्याकडे बघ, छताकडे बघ. आपण ‘फळा बघ’ असेही म्हणत असल्यामुळे ते निसटते. एक अपवाद मुलीला अवश्य सांगावा : ‘यू लुक टायर्ड’ म्हणजे ‘तुम्ही दमलेले दिसता’. येथे ‘दिसणे’ असूनही ‘लुक’ येते, कारण ज्याच्याकडे पाहिले जाते तोच वाक्याचा कर्ता आहे, आणि मग ‘ॲट’ लागत नाही.

‘वॉच’साठी काही वेळ लक्ष लावून राहावे लागते, आणि समोर बहुधा काही हलत किंवा बदलत असते. पावसाळ्यात गोकाकला गेल्यावर वळणावरून धबधबा नजरेस पडला तर ‘सी’, छायाचित्रापुरती त्याच्याकडे नजर टाकली तर ‘लुक ॲट’, आणि झुलत्या पुलाजवळ थांबून कोसळणारे पाणी बराच वेळ न्याहाळले तर ‘वॉच’. बसस्थानकावर शेजाऱ्याला ‘माझ्या पिशवीकडे लक्ष ठेवा’ म्हणायचे असले तरी ‘वॉच माय बॅग’ असेच म्हणतात.

चित्रपट आणि सामने यांच्या बाबतीत सीमारेषा थोडी पुसट होते. चित्रपटगृहात जाऊन पाहिलेल्या चित्रपटाला ‘सॉ’ किंवा ‘वॉच्ड’ यांपैकी काहीही चालते, तर घरी टीव्ही पाहण्याला ‘वॉच टीव्ही’ असेच म्हणतात. पूर्ण झालेल्या सामन्याविषयी ‘आय सॉ द मॅच यस्टरडे’ हे वाक्य निर्दोष आहे. मुलीच्या वाक्यात सामना अजून चालू होता, म्हणून शिक्षकांची दुरुस्ती योग्यच ठरते.