रोट कोणाला दाखवायचे?

प्रिय बेटा,

काल फोनवर तू विचारलंस, "पप्पा, कानबाईचे रोट बाहेरच्या कोणाला द्यायचेच नाहीत, मग आजी एकेक गहू एवढा निवडत का बसलीये? कोण बघणार आहे?" आजी शेजारीच होती, म्हणून तेव्हा विषय टाळला. आता निवांत लिहितोय.

आजी ताट मांडीवर घेऊन बसली असेल. चष्मा नाकावर घसरलेला. खडा बोटानं कडेला, किडका दाणा कडेला. ताट संपलं की तेच गहू पुन्हा पहिल्यापासून. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खान्देशातली देवी कानबाई बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आपल्याकडे घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वाच्या मापानं गहू काढतात. मी टोरांटोत असलो तरी माझ्या नावाचे निघतातच. रोट खायचे ते भाऊबंदांनी. शेजारच्या काकूंकडे दिवाळीचा फराळ जातो, रोट जात नाहीत. म्हणजे "काय सुरेख झालेत!" म्हणायला बाहेरचं कोणी येणार नाही. आजीला हे ठाऊक आहे, तरी ती दुसऱ्यांदा निवडते. ज्या माउलीसाठी ते आहेत, तिच्यापुढे खडा जाऊ नये, एवढंच तिला हवं असतं.

हीच आजी "लोक काय म्हणतील" असंही म्हणते, हे मला मान्य आहे. लग्नातल्या आहेराला, तुझ्या फाटक्या जीन्सला ती लोकांचं माप लावते. गावात राहायचं तर ते थोडं लागतंही. पण देवापुढे तिला ते लावताना मी पाहिलेलं नाही.

मी मात्र लावलं होतं. इथली नोकरी लागल्यावर गावातल्या मंदिराच्या सभामंडपासाठी पैसे पाठवले. फरशीवर देणगीदारांची नावं कोरली, त्यात माझं राहून गेलं. मी चिडून आईला, म्हणजे तुझ्या आजीला, फोन केला. ती सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "पैसा देवले दिन्हा का लोकेस्ले, भाऊ?" मला उत्तर देता आलं नाही. फोन हातात धरून मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभा होतो.

आपल्या खान्देशातल्या मुक्ताईचं तुला सांगायचं राहिलं. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते तिच्या नावावरून. 1297 मध्ये तापीकाठी मेहूणला ती कडाडत्या विजेत गुप्त झाली, असं आपण मानतो. लोकांच्या टोचण्यांनी दुखावून ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा ही धाकटी बहीण बाहेर उभी राहून ती उघडायला विनवत होती. लोक वाईट आहेत, त्यांना सोडून दे, असं ती म्हणाली नाही. जग रागानं आग झालं तर संतानं पाणी व्हावं, असं तिचं म्हणणं. मला ते फार मोलाचं वाटतं. देवाला आवडावं म्हणून जगणारा माणूस लोकांवर रुसून दार लावून बसत नाही. त्यांनी वाहवा केली नाही तरी तो त्यांच्यात राहतो, त्यांचं करतो.

शाळेतल्या त्या चित्रासारखं कधी तुझं काम कोणी पाहिलंच नाही, तर तुला वाईट वाटेल. वाटू दे. मलाही अजून वाटतं. पण चित्र तू मन लावून काढलं होतंस ना, ते देवानं पाहिलंय.

आज आजीजवळ बस, अर्धं ताट तू घे. तिची नजर आता कमी झालीये, बारीक खडे तुला दिसतील. सोमवारी विसर्जनाला नदीवर जाताना फोन घरीच ठेव. फोटो नकोत. रात्री मला नुसतं सांग.

तुझा,
पप्पा